शाळा सुटल्यानंतरचं नाटक

वेरूळचा महोत्सव पूर्वी कैलास लेण्यापाशी रंगायचा. पुढे तो संभाजीनगरच्या सोनेरी महालात गेला. तिथे नामवंत येतात, याचा आनंदच आहे. पण ज्यांचं नाव अजून कुणाला ठाऊक नाही, त्या आपल्या मुलामुलींनी पहिलं नाटक करायचं कुठे?

मुंबईत या प्रश्नाचं उत्तर दादरच्या एका शाळेनं दिलं. अरविंद देशपांडे, सुलभा देशपांडे, अरुण काकडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ साली 'आविष्कार' ही संस्था काढली. १९७४ पासून छबिलदास शाळेच्या सभागृहात तिचे प्रयोग होऊ लागले. मोठ्या नाट्यगृहाचं भाडं न परवडणाऱ्या हौशी संस्थांना हक्काची जागा मिळाली. स्टेशन जवळ, तिकीट स्वस्त. नट आणि प्रेक्षक यांच्यात दोन हातांचं अंतर. अमोल पालेकर, सत्यदेव दुबे यांच्यासारख्या दिग्दर्शकांनी तिथे धाडसी नाटकं केली. गल्ला भरला नाही तरी प्रयोग करता येत होता, म्हणून चुकायची मुभा होती. त्या एका सभागृहावरून 'छबिलदास चळवळ' हे नाव मराठी रंगभूमीच्या इतिहासात रुजलं.

हे मुंबईलाच जमतं असं कुणी म्हणू नये. त्याच्याही आधी आपल्या संभाजीनगरच्या नागसेनवनात, मिलिंद महाविद्यालयात, म. भि. चिटणीसांचं 'युगयात्रा' विद्यार्थ्यांनी खुद्द डॉ. बाबासाहेब आंबेडकरांसमोर सादर केलं. दलित रंगभूमीच्या उगमाशी ते नाटक उभं आहे. प्रशांत दळवी, चंद्रकांत कुलकर्णी यांची 'जिगीषा' ही नाट्यसंस्थाही याच शहरात घडली आणि मग मुंबईला गेली. गुणांची वाण इथे कधीच नव्हती. उणीव आहे ती संध्याकाळी उघड्या मिळणाऱ्या खोलीची.

म्हणून वेरूळ, खुलताबाद, कन्नडच्या मुख्याध्यापकांना आणि शाळा व्यवस्थापन समित्यांना माझी कळकळीची विनंती आहे. आठवड्यातून एक संध्याकाळ शाळेचा हॉल या मुलांना द्या. भाडं नको, विजेचं बिल तेवढं घ्या. नाटक कोणतं करायचं, हे मात्र त्यांचं त्यांना ठरवू द्या.

आणि श्रोतेहो, आपणही जा. सतरंजीवर बसा. एखादा मुलगा वाक्य विसरला तर उठून जाऊ नका. प्रयोग संपल्यावर थांबा, काय पटलं नाही ते त्याला तोंडावर सांगा, आणि पुढच्या प्रयोगाला पुन्हा या. नवा नट असाच घडतो.