निवृत्तीनंतरचे निसर्गचित्रण
(ज्ञातिसंमेलनातील भाषण)



सेवानिवृत्त गृहस्थाने दिवस कसा घालवावा, हा प्रश्न आज घरोघरी आहे. वर्तमानपत्र नऊपर्यंत वाचून संपते. पुढे सुनेच्या स्वयंपाकात आणि मुलाच्या व्यवहारात लक्ष घालण्यात वेळ जातो. त्याने घराची शांती जाते आणि आपला मानही उरत नाही. यावर आम्ही निसर्गचित्रणाचा उपाय योजिला आहे.

“या वयात कला कशी साधावी?” अशी शंका निघते. रवींद्रनाथ ठाकूर साठीनंतर चित्रकलेत रमले. १९३० साली पॅरिसमध्ये त्यांच्या चित्रांचे प्रदर्शन भरले, तेव्हा ते सत्तरीच्या उंबरठ्यावर होते. आपणांस पॅरिस गाठावयाचे नाही. रंकाळ्याचा काठ पुरे. याच करवीरात आबालाल रहिमान यांनी कोटितीर्थाचा परिसर पुन्हा पुन्हा रंगविला. एक तळे अशा थोर चित्रकारास पुरले, तर गावचा ओढा आपणांस का पुरू नये?

साहित्य थोडे लागते: जाड कागद, जलरंगांची पेटी, दोन कुंचले आणि पाण्याचे भांडे. जलरंगात फिक्याकडून गडदाकडे जावे. पाण्यावरील चकाकी म्हणजे कोरा राखलेला कागद. तो आधीच राखावा लागतो. सकाळच्या सावल्या तासाभरात सरकतात, म्हणून त्यांच्या जागा प्रथम पेन्सिलीने आखून घ्याव्या. दूरचे डोंगर मधल्या हवेमुळे निळसर व फिके दिसतात. तसेच ते रंगवावे.

परंतु खरा लाभ चित्राचा नव्हे, दृष्टीचा आहे. ज्या वाटेने आम्ही वर्षानुवर्षे शाळेत गेलो, तिच्यावरील वडाची सावली जांभळट असते, हे कुंचला हाती आल्यावरच आम्हास दिसले. जन्मभर इतरांना गुण देणाऱ्या शिक्षकास पुन्हा विद्यार्थी होण्याचे सुख लाभले. शिवाय जुनी कौलारू घरे, विहिरी, पार डोळ्यांदेखत नाहीसे होत आहेत. ते कागदावर उतरले, तर “आजोबा, हे कुठले?” असे नातवंडे विचारतील आणि आपले बोलणे त्यांस हवेसे वाटेल.

भगिनींना मात्र स्वयंपाकघरातून निवृत्ती नाही. त्यांस रोज एक तास मोकळा मिळवून देणे, हे आम्हा पुरुषांचे कर्तव्य होय.

पुढील संमेलनात गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्काराशेजारी एक भिंत वृद्धांच्या चित्रांसाठी राखावी, अशी कार्यकारिणीस विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.