रुळांच्या आधी डोंगर
(संस्थेच्या छंदवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



छोट्या आगगाडीचा विषय आज आपल्यापुढे मांडावयाचा आहे. विषय जाहीर होताच काही पालकांच्या चेहऱ्यावर हसू उमटले ते मी पाहिले. खेळण्यातल्या गाडीवर तासभर काय बोलावयाचे, असे त्यांना वाटले असेल. हे स्मरणिकेत वाचणाऱ्यांनाही तसे वाटण्याचा संभव आहे. म्हणून आधीच सांगतो की, गाडीविषयी मी फारसे बोलणार नाही. गाडी बाजारात विकत मिळते. तिच्याभोवतीचा डोंगर, ओढा, भातखाचर, फलाट, झाड आणि माणूस ह्या गोष्टी मात्र स्वतः घडवाव्या लागतात, आणि देखावा खरा वाटतो की दुकानातला, हे त्यांवरच ठरते.

आपल्याला ह्यासाठी लांब जावयास नको. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी उभे केलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय १ एप्रिल १९९८ पासून लोकांसाठी खुले आहे. ज्यांनी ते पाहिले नसेल त्यांनी मुलांना घेऊन अवश्य जावे. एका दालनात अख्खे शहर मांडले आहे. गाड्या धावतात, सिग्नल पडतात, सर्कस आहे, पोहण्याचा तलाव आहे, आणि खेळ चालू असताना दालनातला उजेड कमी होत जाऊन त्या शहरात रात्र पडते, तेव्हा घराघरांतले दिवे लागतात. एका गृहस्थाच्या छंदातून हे झाले आहे. जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहरात २००१ साली ह्याच जातीचे एक प्रचंड प्रदर्शन सुरू झाले आणि जगभरचे लोक ते पाहावयास जातात. परंतु आपल्या पुण्याचे त्याच्याही आधीचे, हे मुलांनी ध्यानात ठेवावे.

आता आपल्या संस्थेतील मुलामुलींनी सभागृहात मांडण्यासाठी अशी रेल्वे करावयाचे मनावर घेतले आहे. ८ फूट बाय ४ फूट प्लायवुडचे चार तुकडे आणि बाजूला ठेवलेली थोडी रक्कम, एवढे भांडवल आहे. प्रश्न असा आहे की, ह्या चार फळ्यांवर काय उभे करावयाचे? येथेच बहुतेकांची वाट चुकते. आधी रूळ अंथरतात, मग कडेला मोकळी जागा उरली म्हणून तेथे एक डोंगर ठेवतात, पालथ्या टोपलीसारखा, आणि गाडी त्यातून जावी म्हणून त्याला दोन भोके पाडतात. घरे परदेशी संचांतून आणतात, त्यांची छपरे बर्फ घसरून पडावे म्हणून उभ्या उताराची असतात. चिंचवडच्या उन्हात त्या छपरांचे काय काम? खरी रेल्वे अशी झालेली नाही. डोंगर आधी होता. रेल्वे नंतर आली, आणि जेथे वळून जाता येईना तेथेच तिने बोगदा पाडला. बोगदा दिसला की, येथे दुसरा इलाज नव्हता असे पाहणाऱ्याला पटले पाहिजे.

म्हणून माझे पहिले म्हणणे असे की, आधी एक जागा ठरवा आणि एक साल ठरवा. "कोठलेतरी गाव, केव्हातरी" असा देखावा कधीच खरा होत नाही. जागा म्हणून मी बोरघाट सुचवितो. आपल्या दारावरून जाणारी लोकल लोणावळ्याला थांबते, आणि तेथूनच पुढे घाट उतरू लागतो. आणि साल म्हणून १९२८ सुचवितो. कारण सांगतो.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने १८५३ साली मुंबई-ठाणे गाडी सुरू केली, हे आपण शाळेत शिकतो. खंडाळा ते पुणे हा वरचा मार्ग १८५८ सालीच सुरू झाला; अडला तो मधला घाट. त्याचे काम १८५६ साली हाती घेतले, ते पुरे होऊन गाडी चालावयास एप्रिल १८६३ उजाडले. सुमारे १५ मैलांत १,८३१ फूट चढावयाचे, आणि तोही सर्वांत तीव्र चढ ३७ फुटांत १ फूट. ह्या चढावर कडा इतका जवळ आला की, वळण घ्यावयास जागाच उरली नाही. तेव्हा इंजिनीयर जेम्स बर्कले यांनी खंडाळ्याच्या खाली एक उलटे स्टेशन बांधले. गाडी सरळ येऊन टोकाला थांबे, इंजिन सोडवून मागच्या बाजूला जोडीत, आणि गाडी आली त्याच्या उलट दिशेने वरच्या मार्गाला लागे. ही व्यवस्था १९२९ सालापर्यंत चालली. त्या सुमारास घाटात विजेची गाडी आली, नवा मार्ग झाला आणि ते स्टेशन इतिहासजमा झाले. आज ते चालताना कोणालाच पाहता येणार नाही, ते फक्त प्रतिकृतीतच पुन्हा चालू शकेल. शिवाय १९२८ साल धरले तर डोक्यावर विजेच्या तारा ओढाव्या लागत नाहीत. ज्याने ते काम एकदा केले आहे त्याला विचारा, हा फायदा केवढा आहे.

आता थोडा हिशेब. प्रमाण समजण्यात आपल्या ह्या पट्ट्यातल्या मुलांना अडचण पडू नये. ज्यांचे वडील भोसरीत टूलरूममध्ये आहेत त्यांनी घरी ड्रॉइंग पाहिलेले असते. मी स्वतः पॅटर्न शॉपमध्ये आयुष्य घालविले. तेथे आम्हांला खास पट्टी असे; ओतीव लोखंड थंड होताना शंभराला एक ह्या बेताने आकसते, म्हणून त्या पट्टीवरचा मीटर मुळातच तेवढा मोठा आखलेला. तर ह्या छंदात सर्वांत रूढ प्रमाण एकास ८७. सहा फुटी माणूस २१ मिलिमीटरचा होतो. पुणे ते लोणावळा रेल्वेचे अंतर ६४ किलोमीटर, ते ह्या प्रमाणात ७३५ मीटर भरते; एवढे सभागृह आपल्या संस्थेला कोण बांधून देणार? घाटाची उंचीही साडेसहा मीटरच्या घरात जाते. म्हणजे गाडी, माणूस आणि झाड एकास ८७, पण जमीन आखडून घ्यावयाची, हे ओघानेच आले. (जाता जाता एक गोष्ट. विकतच्या रुळांतले अंतर १६.५ मिलिमीटर असते, ते विलायती गेजचे. आपल्या ब्रॉडगेजला १९.३ हवे. पाहणाऱ्यांपैकी एखाद्या रेल्वेच्या माणसालाच हे खटकेल. त्याला चहा द्यावा.)

जमीन किती आखडावयाची, ते अंदाजाने ठरवू नका. भारतीय सर्वेक्षण खात्याचा एकास ५०,००० चा नकाशा घ्या. त्यावर दर २० मीटर उंचीला एक समोच्च रेषा असते. घाटाच्या पायथ्यापासून माथ्यापर्यंत अशा २८ रेषा होतात. चाकणच्या कारखान्यांत सुटे भाग ज्या पन्हळी पुठ्ठ्याच्या खोक्यांतून येतात, तो पुठ्ठा रद्दीत वाटेल तेवढा मिळतो. चाकणला रेल्वे आजतागायत पोहोचली नाही, निदान तेथला पुठ्ठा तरी घाट चढेल. एका रेषेसाठी पुठ्ठ्याचे तीन थर, म्हणजे सुमारे १५ मिलिमीटर. २८ रेषांचे झाले ४२ सेंटिमीटर. आता गंमत पाहा. ३७ ला १ ह्या चढाने ४२ सेंटिमीटर चढावयास साडेपंधरा मीटर रूळ लागतो. आपल्या चार फळ्या लांबीने जोडल्या तर भरतात पावणेदहा मीटर. गाडी वर पोहोचतच नाही! मग काय करणार? टोकाला उलटे स्टेशन करावयाचे, आणि तेथून गाडी परत वर चढवावयाची. म्हणजे बर्कले साहेबांच्या पुढे जो पेच होता तोच आपल्या सभागृहात उभा राहतो आणि उत्तरही तेच निघते. हे मुलांनी स्वतःच्या हाताने शोधून काढावे, असे मला वाटते.

पुठ्ठ्याच्या पायऱ्या पूर्ण बुजवू नका, ही माझी आग्रहाची सूचना आहे. आपला सह्याद्री मुळातच पायऱ्यांचा आहे. लाव्हारसाचे थर एकावर एक पसरून तो झाला, आणि त्या दगडाला ट्रॅप हे नाव मिळाले तेही जिना ह्या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून. उभा काळा कडा, मग गवताचा तिरपा उतार, मग पुन्हा कडा, आणि माथा बहुधा सपाट. चित्रातल्या बर्फाच्या डोंगरासारखे टोकदार शिखर येथे काढू नये. नागफणीसारखा एखादा सुळका अपवाद म्हणून शोभतो, दहा काढले की फसले. कड्याच्या जागी जुन्या सुती कापडाचे तुकडे प्लॅस्टरमध्ये बुडवून चिकटवा, ओले असतानाच चाकूच्या पाठीने आडव्या भेगा पाडा. रंग देताना डबा उघडून काळा फासू नका. आपला दगड राखी आहे, जेथे पाणी झिरपते तेथे गंजासारखा तांबूस, आणि दोन थरांमध्ये कोठे कोठे विटेच्या रंगाच्या मातीचा पट्टा असतो. लोणावळ्याला जाल तेव्हा रस्त्याच्या कापात तो पाहून या.

ऋतूही एकच ठरवावा लागतो. श्रावणात सारे हिरवे, धबधबे वाहते. वैशाखात तोच डोंगर सिंहाच्या कातड्यासारखा पिवळा. मुले नेहमी हिरवा मागतात. मी कार्तिकाच्या बाजूने आहे. गवत सोनेरी होऊ लागलेले असते, मावळातली भाते कापणीला आलेली असतात, ओढ्यात थोडे पाणी असते, आणि सर्व रंग एकाच देखाव्यात खपतात. गवतासाठी लाकडाचा भुसा चाळून पिवळ्या, हिरव्या आणि तपकिरी रंगात वेगवेगळा रंगवून घ्यावा. वापरलेल्या चहाचा चोथा धुऊन कडकडीत वाळविला की शेताची माती होते. झाडांना सुकलेल्या घोसाळ्याची जाळी फार उत्तम. मात्र मापाकडे लक्ष असू द्या. ४० फुटी आंबा आपल्या प्रमाणात १४ सेंटिमीटरचा होतो, डब्यापेक्षा कितीतरी उंच. लोक बोटाएवढी झाडे लावतात आणि मग गाडी राक्षसासारखी दिसते.

रुळाखालच्या खडीचे तेच. खरी खडी मोठ्यात मोठी ६५ मिलिमीटरची. म्हणजे आपली खडी पाऊण मिलिमीटरच्या वर नको, रव्याएवढी. ती चाळून रुळांत पसरावी, पाण्याचा फवारा मारावा, आणि फेविकॉलमध्ये पाणी मिसळून ड्रॉपरने थेंब थेंब सोडावे. त्या पाण्यात भांडी घासण्याच्या साबणाचा एक थेंब टाकला की डिंक खडीत मुरतो, नाहीतर मोत्यांसारखा वर राहतो. येथे आमच्या भागापुरती एक ताकीद. लेथखालचा लोखंडी कीस गंजलेल्या मातीसारखा सुंदर दिसतो, आणि कोणीतरी तो हमखास पिशवीत भरून आणतो. तो वापरू नये. इंजिनाच्या मोटरमध्ये चुंबक असते, ते कीस ओढून घेते आणि मोटर जळते. एवढेच नव्हे, आपल्या काळ्या दगडातही लोहाचे चुंबकीय कण असतात, म्हणून ओढ्याची वाळू आणली तरी तिच्यातून चुंबक फिरवून घ्यावे. काय चिकटते ते पाहून मुलांना आश्चर्य वाटेल.

आता माणसे. संचांत मिळणारी माणसे हॅट घातलेली, हातात सूटकेस घेतलेली असतात. फलाटावर ती चालवून घेता येतील, थोडे रंगकाम करून पागोटी आणि लुगडीही चढविता येतील. परंतु घाटात आणखी कोणी होते. जानेवारी १८६१ मध्ये ह्या घाटात ४२,००० माणसे कामावर होती. दोरांनी कड्यावरून खाली सोडलेले मजूर पहारीने दगडात भोके पाडीत आणि सुरुंग लावीत. त्याआधी १८५९ साली मजुरी थकली म्हणून दंगल झाली, आणि कंत्राटदाराला काम सोडावे लागले. पुढचा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल येथे आला आणि त्याच वर्षी मरण पावला. काम पुरे करून घेतले ते त्याची पत्नी ॲलिस हिने. तिचे नाव इतिहासात राहिले, हे चांगलेच झाले. पटकीने आणि तापाने गेलेल्या हजारो मजुरांची नावे कोठे आहेत?

तेव्हा माझी विनंती अशी की, तीन फळ्या १९२८ सालच्या असू द्या, आणि चौथ्या फळीचा पुढचा दीड फूट रुळांपासून वेगळा काढून त्यावर १८६१ साल मांडा. दोन्हींवर सालाच्या पाट्या लावा. तेथे अर्धवट पूल, त्याला काडीच्या बांबूंची परांची, आणि त्याच्या पायथ्याशी मजुरांच्या झोपड्या. झोपडी करणे सोपे आहे: दीड इंच पुठ्ठा दुमडावयाचा, त्यावर केरसुणीचे बारीक तुकडे चिकटवावयाचे. एक मूल एका संध्याकाळी चार करील. माणूस म्हणजे तांब्याच्या तारेचा पीळ आणि त्यावर रंगाचा थेंब. दूर कड्यावर तेवढे पुरते. डोक्यावर पाटी असलेल्या बायाही करा, कारण त्या कामात बायाही होत्या. संख्या किती असावी, असे मला एका मुलीने विचारले. मी म्हटले, वर्गातल्या प्रत्येकाने दहा करावी. पाचशे होतील, म्हणजे खऱ्या आकड्याचा ऐंशीवा हिस्सादेखील नाही, तरी फळी भरून जाईल.

शेवटी धुळीविषयी. आपल्या भागात ती कमी नाही. रोज काम संपल्यावर जुनी साडी पसरून फळ्या झाकाव्यात, आठवड्यातून एकदा मऊ ब्रशने झाडाव्यात, आणि रूळ स्पिरिटच्या फडक्याने पुसावेत. किल्ली कोणाकडे राहील, ते मुख्याध्यापकांनी आजच ठरवून द्यावे.