निकालाच्या दुसऱ्या दिवशी

(जानेफळ, ता. मेहकर येथे तरुणांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मित्रांनो आणि भगिनींनो, तुम्ही मला विषय दिलात : निवडणुकीच्या निकालाने नेमके काय बदलते? ज्या मित्राने फोन केला त्याने जाता जाता आणखी एक वाक्य जोडले. "सर, पोरं म्हणतात काहीच बदलत नाही, मग उन्हात रांगेत कशाला उभं राहायचं?" खरे तर विषय तोच आहे.

तुमच्याच मतदारसंघापासून सुरुवात करू. २३ नोव्हेंबर २०२४ ला मेहकरात तीन वेळा निवडून आलेले आमदार संजय रायमुलकर हरले आणि मंत्रालयात अधिकारी राहिलेले सिद्धार्थ खरात निवडून आले. फरक पाच हजार मतांच्याही आत. त्याच दिवशी शेजारच्या बुलढाणा मतदारसंघाचा निकाल ८४१ मतांनी ठरला. ८४१! एका मतदान केंद्राच्या यादीत याहून जास्त नावे असतात. "माझ्या एका मताने काय होते" म्हणणारे बुलढाण्यात त्या दिवशी किती जण घरी बसले असतील, याचा हिशेब तुम्हीच करा.

पण लगेच दुसरी बाजू बघा. मेहकरने आमदार बदलला, राज्याने मात्र सरकार तेच ठेवले, तेही २८८ पैकी २३०च्या वर जागा देऊन. म्हणजे मेहकरचा निकाल एका दिशेला, राज्याचा दुसऱ्या. सोयाबीनचा त्या हंगामाचा हमीभाव ४८९२ रुपये होता. प्रचारात कुणी सहा हजार सांगत होते, कुणी सात हजार. बाजार समितीत तुमच्या वडिलांच्या हातात किती पडले, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

मग खरेच काही बदलत नाही का? बदलते. आपल्यालाच त्याचा सर्वांत जास्त अनुभव आहे, फक्त आपण तो नीट आठवत नाही.

जुलै २०१४. काँग्रेस-राष्ट्रवादीच्या सरकारने अध्यादेश काढून मुस्लिमांतील मागास घटकांना शिक्षणात आणि नोकरीत पाच टक्के आरक्षण दिले. सच्चर समितीचा अहवाल २००६ चा, राज्याने नेमलेल्या महमूदुर रहमान समितीचा २०१३ चा. पण आरक्षण आले ते निवडणूक तीन महिन्यांवर आल्यावर. मी तेव्हा घरातल्या दोन पोरांचे दाखले गोळा करत कचेऱ्यांचे उंबरे झिजवत होतो. ऑक्टोबरमध्ये निवडणूक झाली, सरकार बदलले. नोव्हेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मराठा आरक्षणाला आणि आपल्या नोकरीतल्या आरक्षणाला स्थगिती दिली, पण शिक्षणातले मुस्लिमांचे पाच टक्के चालू ठेवले. लक्षात घ्या, न्यायालयाने ते अडवले नव्हते! नव्या सरकारने अध्यादेशाचे कायद्यात रूपांतर केले नाही, डिसेंबरमध्ये त्याची मुदत संपली आणि विषय संपला. माझ्या पिशवीतले दाखले पिशवीतच राहिले.

हा झाला निकालाचा परिणाम. एक कागद पुढे गेला नाही, एवढेच. सत्ता बऱ्याचदा अशीच काम करते. काय केले यापेक्षा काय केले नाही, त्यातून.

आता गोष्टीचा उरलेला भाग, जो आपल्या सभांमध्ये सांगत नाहीत. २०१९ ला पुन्हा सरकार बदलले. "आपले" सरकार आले म्हणून आपल्या मोहल्ल्यांत आनंद झाला. फेब्रुवारी २०२० मध्ये मंत्री नवाब मलिक यांनी विधान परिषदेत सांगितले की, शिक्षणात पाच टक्के देऊ. काही दिवसांत मुख्यमंत्री म्हणाले, असा प्रस्ताव माझ्याकडे आलेला नाही. ते सरकार अडीच वर्षे चालले. पाच टक्के आले नाहीत.

म्हणून मला "आपले सरकार" हा शब्दच पटत नाही. सरकार सगळ्यांचे असते आणि कुणाचेच नसते. ज्याच्या मागे रोज तगादा लावणारे लोक असतात, त्याचे काम होते. निकालाने दार उघडते किंवा बंद होते. उघड्या दारातून आत जाऊन बसायला माणसे लागतात, आणि ती आपण पाठवली नाहीत. आपण निकालाच्या रात्री फटाके वाजवले नि झोपलो.

काही गोष्टी निकाल बदलूनही टिकतात, तेही पाहा. मुस्लिमांतील मागास जातींना ओबीसीच्या सवलती मिळाव्यात यासाठी नव्वदच्या दशकात शब्बीर अन्सारींसारख्या कार्यकर्त्यांनी गावोगाव फिरून चळवळ केली, दिलीपकुमार त्यांच्या सभांना गेले. त्यानंतर किती सरकारे आली-गेली, त्या सवलती कुणी काढल्या नाहीत. का? कारण मागणी धर्माच्या नावाने नव्हती, व्यवसायाच्या आणि मागासलेपणाच्या पुराव्यावर होती, आणि माळी, तेली, धनगर बांधवांबरोबर होती. निवडणुकीच्या तोंडावर घाईत मिळालेले आणि चळवळीतून मिळालेले, यात हा फरक असतो.

शिष्यवृत्तीचे बघा. सच्चर अहवालानंतर अल्पसंख्याक मुलांना मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती सुरू झाली. रक्कम लहान, पण वह्या-दप्तर निघायचे. २०२२ मध्ये केंद्राने पहिली ते आठवीची ती बंद केली, त्याच वर्षी संशोधकांसाठीची मौलाना आझाद फेलोशिपही बंद केली. इथे बसलेल्यांपैकी किती जणांच्या धाकट्या भावंडांचे अर्ज तेव्हा अडकले? हात वर करा. ... बघा. आता त्यांपैकी किती जणांनी यावर आमदार-खासदारांना एक पत्र लिहिले? हात वर नाहीत. मी तुम्हाला दोष देत नाही, मीही त्या वर्षी फक्त व्हॉट्सअ‍ॅपवर चिडलो होतो.

आता थोडे कडू बोलतो. बहुमत आपल्या बाजूने झुकले म्हणजे न्याय होतोच असे नाही. १९८५ ला सर्वोच्च न्यायालयाने शाहबानो या वृद्ध बाईच्या पोटगीचा हक्क मान्य केला. लोकसभेत तेव्हा सरकारचे चारशेच्या वर खासदार होते. १९८६ ला त्याच बहुमताने कायदा करून तो निकाल निष्प्रभ केला, आणि आपल्या पुढाऱ्यांनी विजय साजरा केला. विजय कुणाचा? हमीद दलवाईंनी १९६६ सालीच सात मुस्लिम महिलांना घेऊन विधान भवनावर मोर्चा नेला होता. तो जिंकायला तलाकपीडित बायकांना पुढची पन्नास वर्षे कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. त्यांच्या बाजूने कुठल्याही निवडणुकीत लाट आली नव्हती. लोकशाहीत मतपेटीबाहेरही बरेच काही असते : न्यायालय, संघटना, वर्तमानपत्र आणि हट्टाने उभी राहिलेली एकटी बाई.

निकाल काय बदलतो हे समजायला सोपा उपाय आहे : निकालच नसेल तर काय होते ते बघा. आपल्या जिल्हा परिषदेची निवडणूक २०१७ ला झाली. २०२२ ला मुदत संपली आणि प्रशासक आले. शेवटी मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला राज्यभरातल्या रखडलेल्या स्थानिक निवडणुका घ्या म्हणून आदेश द्यावा लागला. इतकी वर्षे शाळेचे छत गळले, दवाखान्यात डॉक्टर नाही, तर तुम्ही कुणाला पकडणार होता? अधिकाऱ्याची बदली होते, त्याला पुन्हा मत मागायला तुमच्या दारात यायचे नसते. निवडून आलेला माणूस वाईट असेल, पण त्याला यावे लागते. निकालाची खरी ताकद मला इथे दिसते. तो तुमचे प्रश्न सोडवत नाही, प्रश्न कुणाला विचारायचा ते ठरवतो.

आणि मुंबईत कोण बसले आहे याचा गावाशी संबंध नाही, असे कुणी म्हणाले तर त्याला सरपंचाची गोष्ट सांगा. २०१७ ला सरपंच थेट जनतेतून निवडायचे ठरले, २०२० ला दुसऱ्या सरकारने ते रद्द केले, २०२२ ला तिसऱ्याने परत आणले.

एक प्रश्न विचारून थांबतो, रागावू नका. आपल्या जमातीच्या, मशिदीच्या कमिट्या कशा निवडल्या जातात? किती ठिकाणी मतदान होते, हिशेब वाचून दाखवतात, बायकांना विचारतात? दिल्लीत हुकूमशाही नको म्हणताना मोहल्ल्यात वीस वर्षे एकच अध्यक्ष आपल्याला चालतो. ज्या पोराने गल्लीत कधी हिशेब मागितला नाही, तो ग्रामसभेत कसा उठून बोलेल?

बाहेर टेबलावर कागद ठेवलेत. ज्यांना अठरा पूर्ण झाली त्यांच्यासाठी फॉर्म ६ आहे. आता जानेवारीची वाट बघावी लागत नाही, वर्षातून चार तारखा आहेत. पुण्याला, संभाजीनगरला कामाला गेलेल्यांचे आणि लग्न होऊन आलेल्या सुनांचे नाव-पत्ता बदलण्यासाठी फॉर्म ८. घरातल्या बायकांची नावे यादीत आहेत का, ते आज रात्रीच बघा. चहा येतोय तोवर प्रश्न विचारा. मागे बसलेल्या मुलींपासून सुरू करू.