कागद त्यांच्या कपाटात आहे, मागायचा आपण

(वनहक्क समित्यांच्या सदस्यांच्या तालुका शिबिरात केलेलं भाषण. ज्यांना शिबिराला येता आलं नाही त्यांच्यासाठी इथे देत आहोत. समितीच्या बैठकीत आणि पाड्यावर वाचून दाखवावं.)



आज आपल्याला माहिती कशी मागायची ते बोलायचं आहे. सकाळपासून दोन भाषणं झाली, भूकही लागली असेल. पण हा विषय पोटाचाच आहे, म्हणून थोडं सोसून ऐका.

उपविभागीय समितीकडून आपले दावे परत येतात, त्यावर एकच शेरा असतो: "पुरावा अपुरा." आम्ही कार्यकर्ते असे कागद घेऊन पाड्यापाड्यावर फिरलो. एका पाड्यावर एक म्हातारबाबा भेटले. त्यांनी पत्र्याची पेटी उघडून दाखवली. आत वाळवीने खाल्लेला भुगा होता. बाबा म्हणाले, "ही दंडाची पावती व्हती. राखणदार यायचा, नागली पेरली म्हणून दंड घ्यायचा, पावती द्यायचा. आता काय दाखवू?" आम्ही पण तेव्हा गप्पच बसलो. परत येताना वाटेत एकाच्या ध्यानात आलं, की पावतीपुस्तकात दोन भाग असतात. बाबांचा भाग वाळवीने खाल्ला. दुसरा भाग, स्थळप्रत, तो सरकारी दप्तरात जमा झालेला असणार. म्हणजे ज्या सरकारने "पुरावा नाही" असं लिहिलं, त्याच सरकारच्या कपाटात पुरावा पडलेला आहे.

तो कागद बाहेर काढायचे दोन रस्ते आहेत. एक माहितीचा अधिकार कायदा 2005, तो सगळ्यांना ऐकून माहीत आहे. दुसरा आपल्या वनहक्क कायद्याच्या नियमातच आहे, तो फार कमी लोकांना माहीत आहे. म्हणून आधी तो सांगतो.

1 जानेवारी 2008 ला वनहक्काचे नियम आले. त्यातला नियम 12, पोटनियम 4 लिहून घ्या. ग्रामसभेने किंवा वनहक्क समितीने लेखी मागणी केली, की संबंधित अधिकाऱ्याने माहिती, अभिलेख, कागदपत्रांची प्रमाणित प्रत द्यायचीच आहे. आणि कागद समजला नाही तर माणूस पाठवून समजावून सांगायचा आहे. यात फी लिहिलेली नाही. नियम 6 मध्ये तर उपविभागीय समितीनेच वनाचे आणि महसुलाचे नकाशे व मतदार याद्या ग्रामसभेला पुरवायच्या असं म्हटलं आहे. किती पाड्यांना नकाशे मिळाले? हात वर करा. (दोन हात वर आले.) बघा.

तर पहिलं काम, समितीच्या लेटरहेडवर, अध्यक्ष-सचिवांच्या सहीने, नियम 12(4) चा उल्लेख करून पत्र द्यायचं. लेटरहेड नसेल तर कोरा कागद चालतो, शिक्का मात्र मारा. पण या नियमात एक उणीव आहे. पत्राला उत्तर दिलं नाही तर अधिकाऱ्याला काय दंड, ते या नियमात लिहिलेलं नाही. म्हणून आमचं मत असं आहे, की पत्र समितीचं द्यायचं आणि त्याच दिवशी माहिती अधिकाराचा अर्ज एका माणसाच्या नावाने टाकायचा. दोन्हीकडून ढोसलं की कपाट उघडतं.

आता माहिती अधिकार. हा कायदा कोणी साहेबाने दया येऊन दिलेला नाही. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेच्या मजुरांनी हजेरीपट दाखवा म्हणून जनसुनवाया घेतल्या, 1996 साली ब्यावरला चाळीस दिवस धरणं धरलं. रोजगार हमीचं मस्टर बघायला मागणारी ती माणसं आपल्यासारखीच होती.

अर्ज जोडपत्र अ च्या नमुन्यात लिहायचा. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावायचं, तहसील कचेरीबाहेर स्टॅम्पवाल्याकडे मिळतं. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला फी नाही, दाखल्याची प्रत जोडायची. म्हणून अर्ज शक्यतो अशाच माणसाच्या नावाने करा, आणि बाईच्या नावाने करा. आमचा अनुभव असा, की बाई कचेरीत उभी राहिली तर टेबलावरचा माणूस थोडं कमी ओरडतो. अर्ज संघटनेच्या नावाने करू नका. कायद्यात हक्क नागरिकाला आहे, संघटनेच्या नावाचा अर्ज परत लावायला त्यांना निमित्त मिळतं. माहिती कशाला पाहिजे हे विचारायचा त्यांना अधिकार नाही. विचारलंच तर "कलम 6(2)" एवढंच म्हणा. ज्याला लिहिता येत नाही त्याने तोंडी सांगितलं तर माहिती अधिकाऱ्याने लिहून घ्यायला मदत करायची, हेही कायद्यात आहे. अजून कोणी लिहून घेतलेलं आम्ही पाहिलं नाही, पण म्हणून मागायचं सोडायचं नाही.

आता आमची फजिती सांगतो, म्हणजे तुमची होणार नाही. पहिला अर्ज आम्ही रात्री जागून लिहिला. चांगलं पानभर लिहिलं: आमच्या गावचे दावे का फेटाळले, पिढ्यान्‌पिढ्या कसणाऱ्यांवर अन्याय का, आदिवासींना न्याय कधी मिळणार. फार अभिमान वाटला. तीस दिवसांनी एका ओळीचं उत्तर आलं: "आपली मागणी प्रश्नार्थक स्वरूपाची असल्याने माहिती देता येत नाही." राग आला, पण चूक आमची होती. माहिती म्हणजे जो कागद कपाटात आहे तो. न्याय कपाटात नसतो. "का" असं विचारायचं नाही, कागदाचं नाव घेऊन मागायचं. "दावा का फेटाळला" याऐवजी लिहायचं: "अमुक दाव्यावर उपविभागीय समितीच्या ज्या बैठकीत निर्णय झाला त्या बैठकीचं इतिवृत्त, हजेरीपत्रक, आणि दाव्याच्या फाईलमधील सर्व शेऱ्यांची प्रमाणित प्रत." यात "का" चं उत्तर आपोआप येतं. एका दाव्याचं इतिवृत्त असं काढलं तेव्हा कळलं, की जागेची पाहणी झाली असं लिहिलं होतं त्या तारखेला पाड्यावर कोणीच आलं नव्हतं.

म्हणून कागदांची नावं पाठ पाहिजेत. तलाठ्याकडे गाव नमुना 1-इ म्हणजे अतिक्रमणाची नोंदवही. 1978 साली सरकारने अतिक्रमणं नियमानुकूल करायचा ठराव काढला होता, त्या काळातल्या नोंदी सापडल्या तर सोनं आहे. 1-अ ही वनजमिनीची नोंदवही. सातबारा आणि आठ-अ सगळ्यांना माहीत आहे, फेरफार म्हणजे गाव नमुना 6. जुने फेरफार तलाठ्याकडे नसतात, तहसीलच्या अभिलेख कक्षात असतात. तिथे साधा नकलेचा अर्ज पण चालतो, तो कधी कधी माहिती अधिकारापेक्षा लवकर होतो. ज्यांचे एकसाली प्लॉट होते त्यांनी प्लॉटधारकांची यादी तहसील आणि वनखातं दोन्हीकडे मागा, कारण दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात. रेंज ऑफिसला पीओआर, म्हणजे प्राथमिक गुन्हा अहवाल, पंचनामे आणि दंडपावत्यांच्या स्थळप्रती. गंमत आहे बघा, तेव्हा आपल्याला गुन्हेगार ठरवायला लिहिलेला कागद आज आपला कब्जा सिद्ध करतो. बाबांनो, तुमच्यावर किती केसी झाल्या ते आता लाजू नका, मोठ्याने सांगा. साल सांगा.

ग्रामपंचायतीकडे घरपट्टीची नोंद मागायची, तिचं नाव नमुना 8. हा आणि तलाठ्याचा आठ-अ वेगळा. यात घोटाळा करू नका, आम्ही केला होता आणि महिना वाया गेला.

हे सगळं 13 डिसेंबर 2005 च्या आधीचं पाहिजे, कायद्यातली तारीख ती आहे. आणि एक लक्षात ठेवा, दंडपावतीच पाहिजे असं कुठेही लिहिलेलं नाही. नियम 13 मध्ये घर, बांध, रेशनकार्ड, जाणत्या माणसाचा लेखी जबाब, हे सगळे पुरावे आहेत. एकापेक्षा जास्त पुरावे जोडायचे, एवढंच. कोणी "पावती नाही तर दावा नाही" म्हणालं तर नियम 13 पुढे ठेवा.

अर्ज कसा लिहायचा, एक वाचून दाखवतो:

"माहितीचा विषय: वनजमिनीवरील अतिक्रमणाबाबतचे अभिलेख. कालावधी: 1 जानेवारी 1972 ते 13 डिसेंबर 2005. तपशील: मौजे अमुक येथील कंपार्टमेंट नंबर अमुक मधील अतिक्रमणाबद्दल नोंदवलेले प्राथमिक गुन्हा अहवाल, पंचनामे व दंडपावत्यांच्या स्थळप्रती यांच्या प्रमाणित प्रती. प्रती घेण्यापूर्वी मला अभिलेखांची प्रत्यक्ष पाहणी करायची आहे, त्यासाठी तारीख व वेळ कळवावी."

शेवटचं वाक्य विसरू नका. प्रतीला पानामागे दोन रुपये लागतात. न बघता मागितलं तर तीनशे पानं देतील आणि त्यात आपली चार असतील. पाहणीला पहिला तास फुकट आहे. जाताना वाचता येणारा एक पोरगा आणि जुनी नावं ओळखणारा एक बाबा अशी जोडी न्या. पोराला अक्षर कळतं, पण "बेंडू वल्द लखमा" म्हणजे कोणाचा आजा, ते बाबालाच कळतं. नावं सरकारी माणसाने ऐकली तशी लिहिलेली असतात, आपल्या माणसांची तीन-तीन नावं होतात.

अर्ज दिला की पोच घ्यायची. दुसऱ्या प्रतीवर आवक नंबर, तारीख, सही, शिक्का. "साहेब बाहेर गेलेत, ठेवून जा" म्हणाले तर ठेवायचं नाही. बसून राहा नाहीतर पोस्टात जाऊन स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती घ्या. पोच नसेल तर अर्ज दिलाच नाही असं समजा.

"ही माहिती या कार्यालयाशी संबंधित नाही" असं उत्तर आलं तर कलम 6(3): योग्य कार्यालयाकडे अर्ज पाच दिवसांत त्यांनीच पाठवायचा असतो. "अभिलेख आढळून येत नाही" हे उत्तर जास्त वाईट आहे. तेव्हा मागायचं: अभिलेख नष्ट केले असतील तर नष्ट केलेल्या अभिलेखांची यादी आणि मंजुरीचा आदेश द्या. असा आदेश नसेल तर कागद हरवला म्हणणाऱ्याला जबाब द्यावा लागतो. हा अर्ज गेल्यावर एका कपाटात अचानक दोन गठ्ठे सापडले, आमच्या डोळ्यांदेखत.

तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील, वीस रुपयांचं तिकीट. त्यानंतर नव्वद दिवसांत दुसरं अपील राज्य माहिती आयोगाकडे. मुदत गेल्यावर माहिती दिली तर ती फुकट द्यावी लागते. आयोग दिवसाला 250 रुपये, जास्तीत जास्त 25 हजार दंड माहिती अधिकाऱ्यावर लावू शकतो. पण दुसऱ्या अपिलाला फार वेळ लागतो, त्याच्या भरवशावर बसू नका.

कारण आपल्याकडे वेळ नाही. उपविभागीय समितीने दावा फेटाळला तर जिल्हा समितीकडे दाद मागायला 60 दिवस आहेत. माहितीचेच 30 जातात. म्हणून कागद हातात येईपर्यंत थांबू नका. आधी अर्ज करून ठेवा, त्यात लिहा की पुराव्याचे अभिलेख अमुक तारखेला मागितले आहेत, मिळताच जोडतो, आणि पोचेची झेरॉक्स लावा. दोन पाड्यांचे दावे केवळ या थांबण्याने मुदतीबाहेर गेले. ते पाडे आपलेच आहेत, आणि तेव्हा हे सांगायला आम्ही गेलो नाही, ही आमची चूक आहे.

ज्या बाबांची पेटी वाळवीने खाल्ली त्यांची पावती अजून सापडली नाही. पीओआर सापडला, त्यात त्यांच्या वडलांचं नाव आहे, साल 1983, पीक नागली. तो जोडून दाद मागितली आहे.

आता जेवणानंतर गावागावाने बसायचं. प्रत्येक समितीने तीन माणसांची नावं द्यायची: एक लिहिणारा, एक जाणता, आणि एक अशी बाई जी कचेरीत उभी राहील. कोऱ्या अर्जाचा नमुना या अंकाच्या मागच्या पानावर सायक्लोस्टाइल केला आहे, तो फाडून वापरा. तिकिटांचे दहा-दहा रुपये गोळा करून आणले असतील तर आत्ताच द्या, येत्या बाजारच्या दिवशी सगळ्यांची तिकिटं एकदम घेऊ आणि अर्ज एकाच दिवशी टाकू.