अंदमानला जाताय? एक दिवस हातचा ठेवा



मागच्या भागात सहलींचा विषय निघाला आणि तीन गावांच्या बचत गटांनी एकच प्रश्न विचारला: अंदमान आपल्याला झेपेल का? झेपतं. आमच्या गटातल्या अकरा जणी जाऊन आल्या, त्यातल्या सर्वांत मोठ्या काकू एकाहत्तर वर्षांच्या. अडीच वर्षं दरमहा हजार रुपये बाजूला टाकले, तेव्हा प्रत्येकीचे तीस हजार जमले. कुणाचे कोंबड्यांचे, कुणाचे शिलाईचे. असा पैसा तिथं चैनीत बुडत नाही, बोटीच्या वेळापत्रकात बुडतो. म्हणून आधी बोटीचंच सांगते.

विमान चेन्नईहून किंवा कोलकात्याहून दोन-सव्वादोन तासांत पोर्ट ब्लेअरला उतरतं. या शहराचं नाव सप्टेंबर २०२४ मध्ये श्री विजय पुरम झालं. दोन्ही नावं कानावर पडतील, गोंधळू नका. तसंच हॅवलॉक म्हणजेच स्वराज द्वीप आणि नील म्हणजेच शहीद द्वीप. ही नावं डिसेंबर २०१८ पासूनची. एका एजंटाने आम्हाला दिलेल्या कागदावर हॅवलॉक एका दिवशी आणि स्वराज द्वीप दुसऱ्या दिवशी लिहिलं होतं, जणू दोन बेटं! कागद नीट वाचा आणि रात्री किती, कुठे, ते बोटं मोडून मोजा.

शहरातून स्वराज द्वीपला बोटीने दोन-अडीच तास लागतात. खासगी बोटी आहेत, सरकारीही आहेत. सरकारी बोट स्वस्त, पण ती तिथल्या लोकांची एसटी आहे. विद्यार्थी, पेशंट, बाजाराला निघालेल्या बाया तिच्यावरच अवलंबून असतात, त्यामुळे पर्यटकाला तिकीट मिळेलच असं नाही. आणि समुद्र खवळला की सगळ्याच बोटी थांबतात. तिथं कुणाशी भांडून उपयोग नसतो. बोटीचे पैसे परत मिळतात हो, पण दुसऱ्या दिवशीचं विमान चुकलं तर त्याचे कोण देणार?

म्हणून लांबची बेटं आधी करा, शहर शेवटी ठेवा. विमानाच्या आधीची निदान एक रात्र, जमलं तर दोन, शहरातच काढा. पॅकेजवाले बहुतेक वेळा उलट करतात: पहिल्या दिवशी जेल, शेवटच्या सकाळी बेटावरून बोट आणि दुपारी विमान. कागदावर ते छान दिसतं. आम्ही ते बदलून मागितलं, आढेवेढे घेत बदलून मिळालं. तिसऱ्या दिवशी वारा सुटला, बोटी बंद झाल्या. आम्ही स्वराज द्वीपवर एक दिवस जास्त बसलो, नारळपाणी प्यायलो, भेंड्या खेळलो. धक्क्यावर दुसऱ्या जिल्ह्यातल्या बाया मात्र रडकुंडीला आल्या होत्या. त्यांचं विमान त्याच संध्याकाळचं होतं.

कधी जायचं? दिवाळी झाली की लगेच, असं बऱ्याच जणी म्हणतात. मी म्हणेन, संक्रांतीचं वाण वाटून निघा. तिथं मे महिन्यात पाऊस सुरू होतो, मग परतीचा पाऊस आणि ऑक्टोबर ते डिसेंबर बंगालच्या उपसागरात वादळांचे दिवस. जानेवारी ते एप्रिल समुद्र बराच शांत असतो.

घड्याळाचंही ऐका. बेटं आपल्यापासून फार पूर्वेला आहेत, पण घड्याळ आपलंच. डिसेंबरात सूर्य पाचच्या सुमारास बुडतो. चहा घेऊन सावकाश निघू म्हणाल तर किनाऱ्यावर अंधार भेटेल. पहाटे साडेपाचला उजाडतं, आणि ती वेळ आपल्या सवयीचीच आहे!

पाण्यात उतरायचं ते जीवरक्षक असेल तिथेच. काही किनाऱ्यांवर मगरींचा इशारा देणारे फलक असतात. ही खाऱ्या पाण्यातली मोठी मगर असते. फलक दिसला की पाऊलसुद्धा ओलं करायचं नाही. बोटीत लाइफ जॅकेटची बंदं स्वतः ओढून बघा. साडीपेक्षा पंजाबी ड्रेस बरा, पायात अडकत नाही. रक्तदाब किंवा दमा असेल तर पाण्याखाली चालण्याच्या खेळांच्या वाटेला जाऊ नका. तळाला काच असलेल्या बोटीतूनही प्रवाळ दिसतं. आमच्या काकूंनी तेच केलं.

सेल्युलर जेल १९०६ मध्ये बांधून पुरं झालं. सात इमारतींपैकी आज तीन उभ्या आहेत. सावरकर बंधूंमुळे आपल्याला ते माहीत असतं. पण तिथल्या बंदी-वसाहतीत बाया कैदीसुद्धा होत्या, हे फारसं कुणी सांगत नाही. १८५८ मध्ये वसाहत सुरू झाली, पुढे देशभरातून जन्मठेपेच्या बाया पाठवल्या गेल्या, त्यांचा तुरुंग वेगळा होता. काही वर्षांनी त्यांना तिथल्याच कैद्यांशी लग्न करायची परवानगी मिळे. त्यांचे नातू-पणतू आज बेटांवर राहतात. गाइडला त्या बायांबद्दल जरूर विचारा.

आता एक गोष्ट जिथे आम्ही गेलो नाही. बारातांगच्या चुनखडीच्या गुहांकडे जाणारा रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. गाड्या ताफ्याने सोडतात, थांबायला आणि फोटो काढायला बंदी आहे. जारवा फार थोडे उरले आहेत. १९९९ मध्ये त्यांच्यात गोवराची साथ आली होती. बाहेरून आलेला साधा आजारही त्यांना जड जातो. आणि २०१२ मध्ये जारवा बायकांना खाण्याचं आमिष दाखवून पर्यटकांसमोर नाचवल्याचा व्हिडिओ बाहेर आला होता. आमच्या गटाने मत घेतलं. नऊ जणी नको म्हणाल्या, दोघींना गुहा बघायच्या होत्या. नाही गेलो. तुमचं तुम्ही ठरवा, पण ठरवण्याआधी एवढं माहीत असू द्या.

तिथल्या दोन बातम्या. बॅरन बेटावरचा ज्वालामुखी सप्टेंबर २०२५ मध्ये पुन्हा जागा झाला. ते बेट शहरापासून सुमारे १४० किलोमीटरवर आहे, तिथे वस्ती नाही, त्यामुळे सहल रद्द करायचं कारण नाही. दुसरी गोष्ट पाण्याची. पाऊस आपल्या माणदेशाच्या पाच-सहापट, तरी मार्च-एप्रिलमध्ये शहरात टंचाई होते, कारण धरण लहान आणि पाणी साठवायला जागा कमी. हॉटेलात बादलीने अंघोळ करा. ते आपल्याला शिकवायला नको.

भाजी जहाजाने येते, म्हणून जेवण महाग वाटेल. भात-डाळ सगळीकडे मिळते. चेन्नईहून २०२० मध्ये समुद्रातून इंटरनेटची केबल आली, तरी लहान बेटांवर फोनवरून पैसे जाताना अडतात. रोख जवळ ठेवा. वाळूतले शंख, मेलेलं प्रवाळ उचलायचं नाही, तो गुन्हा आहे. दुकानातून घेतलंत तर पावती जपून ठेवा, विमानतळावर पिशव्या तपासतात.

औषधं पंधरा दिवसांची न्या. आणि मूळ आधार कार्ड प्रत्येकीने स्वतःच्या पर्समध्ये ठेवा, अकरा जणींची एकीच्या पिशवीत नकोत. बोटीवर चढताना ते दाखवावं लागतं.