चित्रपट हा आमचाही वारसा



पत्रिकेवर आमचे नाव वाचून काहींना वाटले असेल, की आज बोनस, किमान वेतन आणि कंत्राटी पद्धत यांवर तासभर ऐकावे लागणार. तसे होणार नाही. चालकांनी विषय निवडण्याची मोकळीक दिली आणि आम्ही चित्रपट हा विषय घेतला. त्यातही गावातल्या पोराला तोंडपाठ असलेला आजचा चित्रपट नव्हे. जुना, छोटा आणि परदेशी. "युनियनच्या माणसाला हे काय सुचले?" असे एका ज्येष्ठ स्नेह्यांनी आम्हांस विचारलेच. त्याचे उत्तर म्हणजे हे व्याख्यान.

आमचे शाळेतले शिक्षण सातवीला थांबले. पुढे जे काही शिकलो ते युनियनच्या कचेरीत, सार्वजनिक वाचनालयात आणि पडद्यासमोर. या तिघांत पडद्याचे ऋण आम्ही कमी मानीत नाही. पण एक गोष्ट आम्हांस फार दिवस खटकत आली आहे. जगातले उत्तम चित्रपट म्हणजे पुण्यामुंबईच्या शिकलेल्या मंडळींची चैन, तिथे घाम गाळणाऱ्याचे काय काम, अशी समजूत आपल्याकडे आहे. ती त्या मंडळींची कमी आणि आपलीच जास्त आहे. आज आम्हांस एवढेच सांगायचे आहे, की ही समजूत खोटी आहे. या कलेच्या जन्मापासून कष्टकरी माणूस तिच्यात उभा आहे. तिच्यावर आपला हक्क आहे, आणि तो आपण बजावत नाही.

पुरावा घ्या. फ्रान्समधल्या लिऑन शहरात ल्युमिएर बंधूंचा फोटोच्या काचा बनवण्याचा कारखाना होता. १८९५ साली त्यांनी आपला नवा कॅमेरा कारखान्याच्या फाटकासमोर लावला. फाटक उघडते, कामगार बाहेर पडतात. त्यांत बाया पुष्कळ, एखादा सायकलवाला, एक कुत्रे. सारे मिळून पाऊण-एक मिनिटाचे चित्र! २८ डिसेंबर १८९५ रोजी पॅरिसमध्ये तिकीट लावून जो पहिला प्रसिद्ध खेळ झाला, त्यात हे चित्र होते. पुढे ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात एक रुपया तिकिटाने खेळ झाला, त्यातही ते होते. म्हणजे हिंदुस्थानात पडदा प्रथम उजळला तेव्हा त्यावर कामगार होता. मात्र एक रुपया मोजून त्याला पाहायला कामगार गेला नसणार, हेही तितकेच खरे.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. कॅमेरा मालकाचा होता. मालकाने हे चित्र एकदा नव्हे, तीनदा घेतले. म्हणून कामगार दिसतो तो फाटकाबाहेर पडताना. आत यंत्रापाशी तो काय करतो, किती तास उभा असतो, हे त्या चित्रात नाही. शंभर वर्षांनी, १९९५ साली, हारून फारोकी नावाच्या जर्मन दिग्दर्शकाने याच गोष्टीवर एक लघुपट केला. बहुतेक चित्रपटांची गोष्ट काम सुटल्यावर सुरू होते, हे त्याने दाखवून दिले. आपणही आठवून पाहा. नायक गातो, लढतो, प्रेम करतो. पण तो पोटासाठी काय करतो हे किती चित्रपटांत कळते?

फाटकाच्या आत प्रथम ज्यांनी सर्व जगाला नेले, त्यांत चार्ली चॅप्लिन हे मोठे नाव आहे. आपला जिल्हा गांधीजींचा, म्हणून ही कथा येथे सांगण्यासारखी आहे. गांधीजींना सिनेमाचे प्रेम नव्हते. १९२७-२८ साली सरकारने नेमलेल्या चौकशी समितीला त्यांनी तसे स्पष्ट कळवले होते. ख्वाजा अहमद अब्बास यांनी १९३९ साली त्यांना जाहीर पत्र लिहून या कलेची बाजू मांडली. पण त्याआधीच, सप्टेंबर १९३१ मध्ये, लंडनच्या गरीब वस्तीतल्या एका घरी गांधीजी आणि चॅप्लिन भेटले होते, आणि चॅप्लिनने प्रश्न विचारला तो यंत्राविषयी : तुमचा यंत्राला विरोध का? १९३६ च्या फेब्रुवारीत चॅप्लिनचा 'मॉडर्न टाइम्स' लोकांपुढे आला. त्याच वर्षी एप्रिलअखेर गांधीजी सेगावला राहावयास आले. त्या गावाचे नाव पुढे सेवाग्राम झाले. एकाचा दुसऱ्यावर परिणाम किती, हे पंडितांनी ठरवावे. यंत्र माणसासाठी की माणूस यंत्रासाठी, हा प्रश्न मात्र दोघांचाही होता.

त्या चित्रपटात कामगाराचा जेवणाचा वेळ वाचावा म्हणून त्याला घास भरवणारे यंत्र आणतात, आणि ते यंत्र बिघडते. पोट धरून हसावे असा प्रसंग. पण ज्याने जिनात पाळी केली आहे तो हसता हसता थांबतो. दुसऱ्या एका प्रसंगात लॉरीवरून लाल निशाण खाली पडते. बिचारा चार्ली ते उचलून लॉरीवाल्याला हाक मारतो, तोच मागून बेकारांचा मोर्चा येतो, आणि पोलीस पुढारी समजून त्यालाच पकडतात! आम्ही अनेक मोर्चे काढले. पुढारी असाही होतो, हे आम्हांस अनुभवाने ठाऊक आहे.

कुणी म्हणेल, हे विनोदाचे झाले, पण परक्या भाषेतली, संथ, गाण्यांवाचून चालणारी चित्रे आपल्या माणसाला कळतील का? आम्ही करून पाहिले. कापसाचा हंगाम सरल्यावर जिनिंगमधल्या स्त्रीपुरुष कामगारांना जमवून, भिंतीला चादर लावून, इटलीचा 'बायसिकल थीव्ह्ज' दाखवला. एक मास्तर बाजूला उभे राहून खालच्या अक्षरांचा मराठीत अर्थ सांगत होते. व्हित्तोरिओ द सीका यांचा हा १९४८ सालचा चित्रपट. महायुद्धानंतरचे रोम शहर. बेकार अंतोनिओला भिंतीवर जाहिराती चिकटवण्याचे काम मिळते, पण अट अशी की सायकल हवी. सायकल गहाण आहे. बायको पलंगावरच्या चादरी गहाण टाकून ती सोडवते, आणि कामाच्या पहिल्याच दिवशी सायकल चोरीला जाते. बाप आणि लहान मुलगा शहरभर ती शोधत हिंडतात. बस्, एवढीच गोष्ट.

अर्ध्या तासाने मास्तरांना बोलण्याची गरज उरली नाही. एक हमाल म्हणाला, "सायकल गेली म्हंजे हजेरी गेली. इटली काय अन् वर्धा काय." एक बाई म्हणाली, "तिनं चादरी टाकल्या, आमी गळ्यातली पोत टाकतो." आणि मग तिनेच सर्वांना एक गोष्ट दाखवली. गहाणवटीच्या दुकानातला नोकर चादरींचे गाठोडे ठेवायला उंच फडताळावर चढतो; तिथे छतापर्यंत गाठोडीच गाठोडी रचलेली आहेत. "एवढ्या घरच्या चादरी?" असे ती म्हणाली. भाषण नाही, आकडे नाहीत. एका चित्रात साऱ्या शहराचे दारिद्र्य. हे ज्या बाईला दिसले तिला कला कळत नाही असे कोण म्हणेल?

या चित्रपटातला अंतोनिओ म्हणजे लाम्बेर्तो माज्जोरानी. तो नट नव्हता, कारखान्यात काम करणारा खराच कामगार होता. चित्रपट जगभर गाजला, तो पुन्हा कारखान्यात गेला, आणि पुढे मंदी येताच त्याला कमी करण्यात आले. याने सिनेमात पैसा कमावला असेल, ही समजूत त्याला भोवली. पडद्यावरची गोष्ट अशी पडद्याबाहेरही चालू राहते.

आता परदेशातून घरी या. १९५२ च्या जानेवारीत मुंबईत हिंदुस्थानातला पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरला. तेथे हे इटालियन चित्रपट आपल्या लोकांनी पाहिले. पुढच्याच वर्षी बिमल रॉय यांचा 'दो बिघा जमीन' आला. शंभू शेतकऱ्याची दोन बिघे जमीन कर्जात अडकते. ती सोडवायला तो कलकत्त्याला जाऊन रिक्षा ओढतो. या भूमिकेसाठी बलराज साहनी खरोखर रिक्षा ओढायला शिकले. शेवटी त्या जमिनीवर गिरणी उभी राहते, आणि शंभूला कुंपणाबाहेरून मूठभर मातीही उचलू देत नाहीत. पण हे इटलीचे उसने होते असे समजू नका. त्याच्या २८ वर्षे आधी, १९२५ साली, कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी नारायण हरी आपट्यांच्या कथेवरून 'सावकारी पाश' काढला होता. सावकाराने जमीन गिळली आणि शेतकरी शहरात गिरणीकामगार झाला, ही ती कथा. तरुण शेतकरी झाले होते व्ही. शांताराम. आणि बाबूराव पेंटर म्हणजे स्वतःचा कॅमेरा स्वतः घडवणारा कारागीर! जगाने ज्याला पुढे वास्तववाद म्हणून डोक्यावर घेतले, त्याचे एक बी आपल्या मराठी मातीत आधीच पडले होते.

तो मूकपट आज आपल्याला पाहायला मिळत नाही. त्या काळची फिल्म चटकन पेट घेई, आणि तीत चांदीचा अंश असे, म्हणून जुनी रिळे चांदीसाठी भंगारात विकली गेली. फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'चेही तुकडेच उरले आहेत. जे वाचले त्यातले पुष्कळसे पी. के. नायर या एका माणसाच्या ध्यासाने. पुण्याला १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघाले आणि त्यांनी गावोगाव फिरून रिळे गोळा केली. आपण सातबारा जपतो, मजुरीची पावती जपतो. पण आपल्या बापजाद्यांच्या जिण्याचे चित्र भंगारात गेले, त्याची हळहळ आपणांस वाटली का?

छोट्या चित्रपटांविषयी थोडे. येथे जमलेल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल, कित्येक दशके मुख्य खेळाआधी सरकारी फिल्म्स डिव्हिजनचा लघुपट दाखवणे सक्तीचे होते, आणि तेवढ्या वेळात आपण शेंगा घ्यायला बाहेर जात असू. १९४८ साली निघालेल्या त्या खात्याने कंटाळवाणा प्रचार पुष्कळ केला, हे खरे. पण त्याच खात्यात एस. एन. एस. शास्त्री यांनी १९६७ साली 'आय अ‍ॅम ट्वेंटी' केला. स्वातंत्र्याच्या वर्षी जन्मलेल्या तरुणांना त्यांनी देशाविषयी विचारले आणि उत्तरे जशीच्या तशी ठेवली. आणि १९९६ सालचा आनंद पटवर्धन यांचा 'ऑक्युपेशन : मिल वर्कर' पाहा. मुंबईच्या न्यू ग्रेट ईस्टर्न मिलला चार वर्षे टाळे होते. कामगारांनी आत शिरून गिरणी ताब्यात घेतली. इंग्रजीत त्या शब्दाचा अर्थ धंदाही होतो आणि ताबाही. अवघी २२ मिनिटे. पण ल्युमिएरच्या चित्रात कामगार फाटकातून बाहेर येतो, आणि इथे तो फाटकातून आत जातो.

आपल्या विदर्भाचे म्हणाल, तर सतीश मनवर यांचा 'गाभ्रीचा पाऊस' २००९ साली आला. शेजारच्या शेतकऱ्याने जीव दिल्यावर आपल्या नवऱ्याच्या मनात काय आहे, या धास्तीने त्याच्यावर डोळा ठेवणारी बायको त्यात आहे. या जिल्ह्यात हा प्रसंग कुणाला समजावून सांगावा लागेल? चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'ला २०१४ साली व्हेनिसला पारितोषिके मिळाली. त्यातला लोकशाहीर झाले होते नागपूरचे कार्यकर्ते वीरा साथीदार. २०२१ साली ते गेले. त्या चित्रपटात गटारात मेलेल्या सफाई कामगाराची विधवा साक्ष देते. नवरा आधी गटारात दगड टाकून पाही. झुरळे बाहेर आली तर आत हवा आहे असे समजे. सुरक्षेच्या साधनांवर आम्ही केलेली सारी भाषणे या एका साक्षीपुढे फिकी आहेत.

मग हे पाहायचे कसे आणि कुठे? आज जगातले पुष्कळसे चित्र खिशातल्या मोबाइलवर येते, हे आम्ही जाणतो. पण खिशातला सिनेमा एकट्याने, तुकड्यातुकड्याने पाहिला जातो, आणि पाहून झाल्यावर त्यावर बोलायला कुणी नसते. युनियन जशी एकट्याची होत नाही, तसे हे पाहणेही एकट्याचे नव्हे. कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यात हेग्गोडू नावाचे आडवळणाचे खेडे आहे. तेथे के. व्ही. सुब्बण्णा यांच्या नीनासम संस्थेने १९७० च्या दशकापासून शेतकरी-मजुरांना 'पथेर पांचाली', 'बायसिकल थीव्ह्ज', 'राशोमोन' यांसारखी चित्रे दाखवली. पुण्याहून नायर आणि सतीश बहादूर यांनी साह्य केले. लोक आले, बसले, भांडले, समजले. सुब्बण्णांना १९९१ साली मॅगसेसे पारितोषिक मिळाले. हेग्गोडूला जे साधले ते आंजीला का साधू नये?

आमची सूचना साधी आहे. महिन्यातून एक रात्र ठरवा. शाळेची खोली किंवा मंदिराचे आवार, एक सतरंजी, एक पांढरी भिंत. आधी एक लघुपट, मग मुख्य चित्र, आणि नंतर अर्धा तास बोलणे. त्या अर्ध्या तासात प्रथम बाया बोलतील, पुढारी शेवटी. चित्र रीतसर परवानगीने आणा. दुसऱ्याच्या मेहनतीचा मोबदला बुडवून मजुरीच्या हक्काचे चित्र दाखवणे आम्हांस मान्य नाही. पहिल्या दोन वेळा माणसे कमी येतील. गेटसभेलाही पहिल्या दिवशी चारच येतात.

आणि तरुणांना एक शेवटचे सांगणे. नागपूरची एम्प्रेस मिल १८७७ साली सुरू झाली. सव्वाशे वर्षे तिच्या फाटकातून माणसे आत गेली आणि बाहेर आली. आज ती गिरणी नाही. पुलगाव, हिंगणघाटच्या जुन्या गिरणीकामगारांपैकी जे आज हयात आहेत, ते थकले आहेत. रेच्यापुढे उभ्या राहणाऱ्या बाईचे हात, गठाण उचलणाऱ्याची पाठ, भर उन्हात कापूस वेचताना बांधलेली ओटी, हे पुढच्या पिढीला कोण दाखवणार? १८९५ साली कॅमेरा मालकाकडे होता. आज तो तुमच्या खिशात आहे. तो चालवण्याआधी चॅप्लिन पाहा, द सीका पाहा, बिमल रॉय पाहा. मोठ्या कारागिराच्या हाताखाली बसल्याखेरीज हत्यार वळत नाही. आणि मग आपल्या फाटकाच्या आतले चित्र आपण स्वतः काढा.