डाव पाहिलास का?

ज्यांना कानात हेडफोन घालून अर्धा तास बसायला वेळ नाही, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा भाग लिहून टाकतोय. बोलतो तसंच लिहिलंय, शुद्धलेखनावरून आईला फोन करू नका.

आजचा विषय एका व्हॉट्सॲप मेसेजवरून निघाला. मेसेज तीन शब्दांचा, पाठवणारी माझी धाकटी बहीण.

तारीख २८ जुलै २०२५, सोमवार. मी पुण्यात ऑफिसमध्ये. जॉर्जियात बातुमी नावाच्या गावात महिलांच्या बुद्धिबळ विश्वचषकाची फायनल संपली आणि आपल्या नागपूरची दिव्या देशमुख जिंकली. समोर कोनेरू हम्पी. म्हणजे दिव्या जन्मायच्या आधीपासून ग्रँडमास्टर असलेली बाई! दिव्याचं वय १९. त्या एका विजयानं ती विश्वचषकविजेती झाली आणि ग्रँडमास्टरही, भारताची ८८वी. बायकांमध्ये फक्त चौथी. जिंकल्यावर ती आईच्या गळ्यात पडून रडली. तो व्हिडिओ तुम्हीही पाहिला असेल. मी पाहिला, माझेही डोळे भरून आले, आणि मी तो लगेच घरच्या ग्रुपवर टाकला. आजीनं हात जोडले. काकूनं लिहिलं, "किती गोड पोरगी." आणि बहिणीनं लिहिलं,

"डाव पाहिलास का?"

नव्हता पाहिला.

खरं सांगतो, मला राग आला. आपण चांगलं काही टाकावं आणि हिनं परीक्षा घ्यावी. पण रात्री रूमवर गेल्यावर डाव लावला. सुरुवातीचे दोन मोठे डाव बरोबरीत सुटलेले. मग रॅपिड. पहिला रॅपिड बरोबरीत. दुसऱ्यात दिव्याकडं काळी मोहरी. हम्पीच्या घड्याळातला वेळ संपत आलेला, पटावर हत्ती आणि प्यादी उरलेली, आणि ही पोरगी शांतपणे एकेक चाल खेळत राहते. मला बुद्धिबळ हॉस्टेलच्या पातळीचं येतं, तरी छातीत धडधडत होतं. त्या रडण्याचं वजन मला तेव्हा कळलं. नुसतं रडणं पाहिलं तेव्हा ती "गोड पोरगी" होती.

आता दीड वर्ष मागं जाऊ. जानेवारी २०२४, नेदरलँड्समधलं वाईक आन झी. तिथल्या मोठ्या स्पर्धेच्या चॅलेंजर्स गटात दिव्या खेळली, तेव्हा ती १८ची होती. स्पर्धा संपल्यावर तिनं इन्स्टाग्रामवर मोठी पोस्ट लिहिली. मतितार्थ असा: काही डाव मी खूप चांगले खेळले, मला त्यांचा अभिमान आहे, पण बघणाऱ्यांचं लक्ष माझ्या कपड्यांवर, केसांवर, उच्चारांवर होतं, खेळावर नव्हतं. मुलग्यांच्या बाबतीत असं होत नाही, हेही तिनं लिहिलं. आणि हे आपण वर्षानुवर्षं सोसतोय, असंही.

बुद्धिबळ हो! खुर्चीत बसून खेळायचा खेळ. त्यात शरीराचा संबंध येतो तो फक्त मोहरा उचलण्यापुरता. तिथंही केस निघाले.

आणि हे आत्ताचं नाही. आपल्याकडं खाडिलकर बहिणी होऊन गेल्या, वासंती, जयश्री आणि रोहिणी. महिलांच्या राष्ट्रीय स्पर्धेची सुरुवातीची दहा वर्षं विजेतेपद याच घरात फिरत होतं. त्यातली रोहिणी १९७६ मध्ये, १३ वर्षांची असताना, पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली. केवढा गदारोळ झाला! प्रकरण हायकोर्टात गेलं. शेवटी जागतिक महासंघाचे अध्यक्ष मॅक्स युवे यांना सांगावं लागलं की स्पर्धांमधून बायकांना अडवता येणार नाही. त्या वेळी प्रश्न होता, ही इथं बसलीच कशी? आता बसू देतात. फक्त बसल्यावर बघतात दुसरीकडं.

कपड्यांचा विषय निघालाच आहे तर माझी एक आवडती, म्हणजे डोकं फिरवणारी जोडी सांगतो. २०११ मध्ये जागतिक बॅडमिंटन महासंघानं ठरवलं की मोठ्या स्पर्धांत बायकांनी स्कर्टच घालायचा. कारण? खेळ जरा आकर्षक दिसावा. जगभरातून बोंब झाली, पुढच्या वर्षी नियम गुंडाळला. मग २०२१. बल्गेरियात युरोपची बीच हँडबॉल स्पर्धा. नॉर्वेच्या मुली बिकिनीऐवजी शॉर्ट घालून खेळल्या, म्हणून संघाला १५०० युरो दंड! पुरुष आपले शॉर्ट घालूनच खेळत होते, त्यांना कोण विचारतंय. त्याच वर्षी पुढं नियम बदलावा लागला, पण दंड झाला तो झाला.

ही शॉर्ट लक्षात ठेवा. तिच्याकडं परत येतो.

त्याआधी मिताली राजचं २०१७ हे एक वर्ष पाहा. जूनमध्ये वर्ल्ड कपच्या तोंडावर एका पत्रकारानं तिला विचारलं, तुझा आवडता पुरुष क्रिकेटर कोण? तिनं उलट विचारलं, हाच प्रश्न पुरुषांना विचारता का, आवडती महिला क्रिकेटर कोण म्हणून? जुलैमध्ये लॉर्ड्सवर फायनल, आपण ९ धावांनी हरलो. ऑगस्टमध्ये तिनं एका मैदानाच्या उद्घाटनाचा फोटो टाकला, तर कोणीतरी तिच्या घामाची थट्टा केली. ती म्हणाली, मैदानात घाम गाळला म्हणूनच मी इथं आहे. सप्टेंबरमध्ये मैत्रिणींसोबतचा फोटो टाकला, तर टॉपचे पट्टे बारीक आहेत म्हणून संस्कृतिरक्षक धावून आले. आणि ऑक्टोबरमध्ये तीच मिताली 'व्होग इंडिया'च्या दहाव्या वर्धापनदिनाच्या अंकावर. चार महिन्यांत तीच बाई घामट, तीच निर्लज्ज आणि तीच ग्लॅमरस. या सगळ्यात तिची बॅट कुठं आहे, शोधा बरं.

त्याच फायनलमध्ये आपल्या पूनम राऊतनं ८६ धावा काढल्या. भारताकडून सगळ्यात जास्त. किती जणांना आठवतंय? आणि त्या वर्ल्ड कपनंतर इंटरनेटनं स्मृती मानधनाला 'नॅशनल क्रश' करून टाकलं. सांगलीची पोरगी त्या स्पर्धेत पहिल्या दोन सामन्यांत ९० आणि नाबाद १०६ खेळली होती. तरी पदवी मिळाली ती चेहऱ्याला. मला दोघींबद्दल वाईट वाटतं. एक दिसलीच नाही आणि दुसरीचं फक्त तोंड दिसलं.

आता तुमच्यातले काही म्हणतील, त्या स्वतःच फोटोशूट करतात की. करतात. विराट करत नाही? हार्दिक करत नाही? पुरुष खेळाडूची दाढी, घड्याळ, टॅटू या गोष्टी त्याच्या खेळानंतर येतात, वरचं लोणी म्हणून. बाईच्या बाबतीत तेच ताट असतं. आणि पैशाचंही बघा. दिव्याला विश्वचषकाचं पहिलं बक्षीस ५० हजार डॉलर मिळालं. खुल्या गटाच्या विश्वचषकात ते दुपटीहून जास्त असतं. मग जाहिरात आली तर तिनं नाही म्हणावं, अशी आपली अपेक्षा. वा.

पण मी इथं माईकसमोर बसून मीडियाला शिव्या घालाव्यात, हे जरा सोयीचं होतंय. कारण मी मीडियात होतो. म्हणजे, मी कोड लिहित होतो.

बीटेक झाल्यावरची पहिली नोकरी एका बातम्यांच्या ॲपमध्ये. नाव सांगत नाही. काम असं: एकाच बातमीला दोन फोटो लावायचे, अर्ध्या लोकांना हा दाखवायचा, अर्ध्यांना तो. ज्याच्यावर जास्त बोटं पडतील तो तासाभरात सगळ्यांना जायचा. माणसाला विचारायची गरज नाही, आपोआप. मला आठवतं, महिला खेळाडूची बातमी असली की जवळून घेतलेला, हसरा, मोकळ्या केसांचा फोटो जिंकायचा. शॉट मारतानाचा, दात-ओठ खाल्लेला फोटो हरायचा. पुरुषांचा षटकार मारतानाचा फोटो मात्र मस्त चालायचा. आमच्या टीममध्ये कोणी वाईट नव्हतं. कोणी ठरवलंही नव्हतं. मशीनला बाई-पुरुष कळत नाही, त्याला बोट कळतं. पण हळूहळू डेस्कवरच्या लोकांनी हरणारे फोटो टाकणंच बंद केलं. कशाला टाकायचे? मी तो आलेख बघून खूश व्हायचो. मला त्यावर शाबासकी मिळाली आहे.

तरी हेही सोपं आहे, नोकरीवर ढकलून देणं. आता घरचं सांगतो. बहिणीला विचारून सांगतोय.

आमचं गाव जालना जिल्ह्यात, अंबड तालुक्यात. मोसंबीच्या बागा, कापूस, आणि शाळेमागं एक मैदान. बहीण खो-खो खेळायची. नववीत असताना, २०१६च्या हिवाळ्यात, त्यांची टीम जिल्हास्तर जिंकून विभागस्तराला निघाली. कोणीतरी टीमचा फोटो व्हॉट्सॲपवर फिरवला. जर्सी, शॉर्ट, गुडघे खरचटलेले, हातात कप. आमच्या भावकीतल्या एका चुलत्यांनी तो बाबांना पाठवला आणि खाली लिहिलं, "पोरगी मोठी झाली आता." एवढंच. यापेक्षा जास्त लिहायची गरज नसते.

बाबा तिला काही बोलले नाहीत. त्यांनी मला फोन केला. मी कॉलेजात, शिकलेला, शहरातला. मी तिला फोन लावला आणि अगदी समजूतदार आवाजात म्हणालो, "ट्रॅक पँट घालून खेळ ना. काय फरक पडतो?"

काय फरक पडतो ते तिनं मला कधी सांगितलं नाही. आईनं सांगितलं, दोन वर्षांनी. ती विभागस्तराला ट्रॅक पँट घालून खेळली. खांबाला वळसा घालताना पँटचा पायंचा टाचेखाली आला, घसरली, बाद. पुढच्या वर्षी दहावी, आणि खेळ सुटला.

नॉर्वेच्या मुलींची शॉर्ट आठवते? तिकडं कपडा जास्त म्हणून दंड, आमच्याकडं कमी म्हणून. शॉर्ट तीच. खेळायला सोयीचं काय, हे ना तिकडं कोणी विचारलं ना इकडं.

आणि आता गंमत. त्यानंतरच्या उन्हाळ्यात गावच्या जत्रेत कुस्त्या होत्या. लंगोट लावलेले पैलवान, अंगाला तांबडी माती, आणि बायाबापड्यांसकट सगळं गाव गोल करून बसलेलं. हेच चुलते व्यासपीठावर, पैलवानाच्या पाठीवर थाप मारून इनाम देत होते. मी टाळ्या वाजवत होतो. माझ्या डोक्यात एका सेकंदासाठीही काही आलं नाही. याहून कडी म्हणजे, महिन्या-दोन महिन्यांनी मितालीचं ते उत्तर व्हायरल झालं तेव्हा मी ते शेअर केलं होतं. वर तीन टाळ्यांचे इमोजी. फेसबुकनं मध्यंतरी आठवण म्हणून परत दाखवलं.

आता तीच बहीण रोज पहाटे पाच वाजता गावाबाहेरच्या रस्त्यावर पळते. पोलीस भरती. मुलींना ८०० मीटर असतं, वेळेत बसवायचं तर घाम निघतोच. तिच्यासोबत गावातल्या आणखी पाच-सहा जणी असतात. कोणी काही म्हणत नाही, उलट तेच चुलते सकाळी फिरायला जाताना विचारतात, "किती मिनिटं लागली गं?" पुढं नोकरी दिसत असली की पोरीचं पळणं चालतं. नुसतं खेळासाठी, आवडतं म्हणून पळाली की तिचे पाय दिसायला लागतात.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला वर्ल्ड कप झाला. आपल्या मुलींनी फायनलमध्ये नेपाळला ७८-४० हरवलं. कॅप्टन प्रियांका इंगळे, मूळची आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यातली. पुरुषांचा संघही जिंकला. बहिणीनं फायनल मोबाईलवर पाहिली, नंतर घरात कोणाशी फार बोलली नाही, असं आई सांगत होती. पण फेब्रुवारीपासून ती संध्याकाळी शाळेमागच्या मैदानावर जायला लागली. सातवी-आठवीच्या पोरींना खो-खो शिकवते. पैसे नाहीत, काही नाही. कोण काय घालून येतं ते ती विचारत नाही. काही शॉर्टमध्ये असतात, काही लेगिंगमध्ये, एक पोरगी स्कार्फ बांधून येते आणि सगळ्यात जोरात पळते.

दिवाळीला गेलो तेव्हा तिनं माझ्या हातात फोन दिला. "दादा, जरा व्हिडिओ काढ, पोरींना त्यांच्या चुका दाखवायच्यात." मी शूट करायला लागलो. एक बारकी पोरगी मस्त हसत पळत होती, दोन वेण्या उडत होत्या. मी नकळत तिच्या चेहऱ्यावर झूम केलं. सवय.

बहिणीनं मागून स्क्रीनवर पाहिलं.

"दादा, तोंड नको. पाय दिसू दे. आणि खांब येऊ दे दोन्ही."

मी मागं सरकत गेलो. मैदानाच्या कडेला लिंबाचं झाड आहे, तिथं पाठ टेकली, तेव्हा कुठं दोन्ही खांब फ्रेममध्ये आले.